रत्नागिरीत घरच्या कॉम्प्युटरसाठी सेलमधली ८ टीबी हार्ड डिस्क घ्यावी का?

घ्या, पण ती सीएमआर प्रकारची (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढणारी) असेल आणि वॉरंटी कंपनीची असेल तरच. स्वस्तातल्या बऱ्याच डिस्क एसएमआर या दुसऱ्या प्रकारच्या असतात. त्यात डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात आणि मोठी कॉपी मध्येच रखडते. नुसते फोटो साठवायला तीही चालेल. प्रकार खोक्यावर क्वचितच छापतात, मॉडेल नंबरावरून कंपनीच्या डेटाशीटमध्ये बघा. सीरियल नंबर टाकून वॉरंटीही कंपनीच्या वेबसाइटवर तपासा. ‘सेलर वॉरंटी’, म्हणजे फक्त विक्रेत्याची वॉरंटी असेल, तर तो वापरून परत आलेला माल असू शकतो.

डिस्क हातात आली की आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम लावा. ‘रिअलोकेटेड’ (खराब म्हणून बदललेले) आणि ‘पेंडिंग’ (खराब असल्याचा संशय असलेले) सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे भाग, दोन्ही शून्य हवेत. डिस्क किती तास चालली त्या आकड्यावर फार विसंबू नका, तो आकडा पुसता येतो. मग क्विक नव्हे, पूर्ण फॉरमॅट करा. त्याला बारा-चौदा तास लागतात, म्हणून पावसात लाइट जाण्याच्या दिवसांत यूपीएसशिवाय बसू नका. नंतर हे दोन आकडे पुन्हा बघा. वाढले असतील तर परत करण्याची मुदत संपायच्या आत डिस्क परत करा. विंडोजमध्ये ७.२७ टीबी दिसेल, ती फसवणूक नव्हे, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

एक मात्र आहे: बॅकअपची डिस्क पावसाळाभर नुसती पडून राहणार असेल, तर खाऱ्या दमट हवेने सर्किट बोर्डाचे संपर्क गंजू शकतात. सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.