अल्झायमर झालेली आई रात्रभर जागते आणि माझ्यावरच चोरीचा आळ घेते. झोपेची गोळी सुरू करावी का?

ताई, तुम्ही साताऱ्याहून लिहिलंय की दिवेलागण झाली की आई पिशवी भरते, "कोरेगावला माहेरी जायचंय" म्हणते, रात्रभर घरात फिरते आणि पाटल्या तुम्हीच घेतल्या म्हणून भांडते. मी डॉक्टर नाही. पण सांगलीत सासऱ्यांचं, आमच्या अण्णांचं, चार वर्षं हेच करतेय. म्हणून आधी सरळ उत्तर: गोळी आपल्या मनाने नको. मेडिकलवाल्याला विचारून तर मुळीच नको.

तो उद्योग आम्ही करून बसलोय. कुणीतरी सांगितलं, सर्दीच्या गोळीने छान गुंगी येते. दोन रात्री दिली. तिसऱ्या दिवशी लघवी अडकली, नळी घालावी लागली आणि अण्णा पोटच्या पोराला ओळखेनात. डॉक्टरांनी मग समजावलं. या आजारात मेंदूतलं ॲसिटिलकोलीन, म्हणजे आठवणीला लागणारं रसायन, आधीच कमी झालेलं असतं. डोनेपेझिल ही या आजाराची गोळी देतात ते उरलेलं टिकवायला, आणि गुंगी आणणाऱ्या जुन्या सर्दी-खाजेच्या गोळ्या नेमकं त्याचंच काम अडवतात. त्याच खेपेला आणखी एक कळलं. डोनेपेझिल आम्ही रात्री देत होतो, आणि त्यानेच काहींची झोप उडते, भलतीसलती स्वप्नं पडतात. डॉक्टरांनी ती सकाळी द्यायला सांगितल्यावर अण्णांचं ओरडत उठणं बरंच कमी झालं. आईला ही गोळी चालू असेल तर ती किती वाजता देता ते बघा आणि डॉक्टरांना विचारा.

संध्याकाळीच का बिघडतं? दिवसरात्रीचं घड्याळ मेंदूत खोलवर, पेशींच्या एका एवढ्याशा पुंजक्यात असतं. या आजारात तेही झिजतं, मेलाटोनिनही कमी पडतं. त्या घड्याळाला लागतो उजेड, आणि आपली म्हातारी माणसं दिवसभर माजघरात पेंगत बसलेली! मी अण्णांना नाष्टा झाला की अंगणात उन्हाला बसवते. ते मार्केट यार्डात अडत दुकानावर दिवाणजी होते, म्हणून पुढ्यात सुपात हळद ओतते. हळकुंडं एकीकडे, गड्डे एकीकडे. मधेच एखादं मोडून आतला रंग बघतात, नाकाशी नेतात आणि म्हणतात, "ओल हाय अजून." माझं नाव विसरलेत, पण हे नाही. (संध्याकाळी मी ते सगळं पुन्हा कालवून ठेवते. आधी फसवल्यासारखं वाटायचं, आता नाही वाटत.) दुपारी अर्धा तास डुलकी, चारनंतर चहा नाही. साडेपाचलाच सगळे दिवे लावते, कारण कोपऱ्यात सावली पडली की त्यांना तिथे माणूस दिसतो. कपाटाच्या आरशावर चादर टाकली तेव्हापासून "तो म्हातारा" यायचा थांबला.

तरी उठतातच. २०१९ चा पूर आमच्या घरात छातीएवढा होता. तो त्यांच्या डोक्यातून उतरलेला नाही. रात्री तीनला दारापाशी उभे: "आयर्विनला किती फूट झालं?" (आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी तिथे मोजतात.) नवरा समजवायचा, "अण्णा, मे महिना आहे, कुठलं पाणी?" की ते अंगावर धावून जायचे. मी आता म्हणते, "बारा फूट. उतरतंय." इशारा चाळीसला, धोका पंचेचाळीसला, हे त्यांना अजून पाठ आहे. बारा ऐकलं की हुश्श करतात, लघवीला जाऊन येतात आणि आडवे होतात.

पाटल्यांचंही तसंच करा. "मी नाही घेतल्या" म्हणालात की तुम्ही चोर ठरलातच. "चला, शोधू या" म्हणा आणि खरंच सोबत शोधा. तसल्याच खोट्या पाटल्यांचा जोड तिच्या लपवायच्या जागी असू द्या. आळ तुमच्यावर येतो तो रोज समोर तुम्हीच असता म्हणून. कोरेगावचं निघालं तर तिथे कोण कोण असेल ते विचारा, पिशवी आपोआप खाली ठेवली जाते. नेहमीच नाही, पण पुष्कळदा.

दोन दिवसांत एकाएकी बिघडलं तर मात्र आजार वाढला म्हणून गप्प बसू नका. लघवीतलं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, कुठेतरी दुखणं, यातलं काही असू शकतं. त्यांना सांगता येत नाही. अण्णांची एकदा दाढ दुखत होती आणि आम्ही चार दिवस "वेड वाढलं" म्हणत होतो. घोरताना श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

औषध कधीच नाही, असंही नाही. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायची वेळ आली तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा न्यूरोलॉजिस्ट देतात. पण झोपेच्या गोळीने तोल जातो, खुबा मोडतो. अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमावरच्या औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिलाय. म्हणून कमीत कमी मात्रा, आणि बंद कधी करायची हे पहिल्याच भेटीत विचारा. जाताना आठवड्याची वही न्या: किती वाजता उठली, त्याआधी काय झालं, दिवसा किती झोपली. आमचे डॉक्टर रिपोर्टच्या आधी वही मागतात.

आणि रात्रीची पाळी वाटून घ्या. भाऊ पुण्यात असतो म्हणालात ना? शनिवारची रात्र त्याची.