जिन्यावरची साडेपाचची पावलं

प्रश्न : ताई, मामांच्या जुन्या संग्रहात जॉर्ज हॅरिसनची ‘वंडरवॉल म्युझिक’ ही 1968 ची एलपी सापडली. बीटल्स या इंग्लिश बँडमधला माणूस म्हणून हौसेनं लावली, तर सुरुवातीलाच शहनाई! पुढे पियानो, मग तबला-पखवाज, मधेच काऊबॉय सिनेमात असतं तसं काहीतरी. एकही चीज धड पुरी होत नाही. दुकानदार म्हणाले, हे सायकेडेलिक रॉक. मला तर खिचडी वाटली. चुकतंय का माझं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ही रेकॉर्ड कशासाठी झाली ते आधी सांगते, मग खिचडीचं बघू.

‘वंडरवॉल’ हा ब्रिटिश सिनेमा, दिग्दर्शक जो मॅसॉट. एकलकोंडा प्राध्यापक भिंतीतल्या भोकातून शेजारच्या तरुण मॉडेलचं घर बघत राहतो आणि त्या रंगीबेरंगी जगात गुरफटत जातो, एवढीच गोष्ट. संवाद फार थोडे, त्यामुळे संगीताला मोकळं रान. हॅरिसन म्हणाला, मला पार्श्वसंगीत करता येत नाही. मॅसॉट म्हणाला, तू जे देशील ते मी वापरीन. असं सांगणारा दिग्दर्शक संगीतकाराला आयुष्यात एकदा भेटला तरी पुष्कळ. हॅरिसननं स्टॉपवॉच घेऊन प्रसंग मोजले आणि त्या मापाचे तुकडे बांधले. म्हणून एका रेकॉर्डवर 19 तुकडे, बरेचसे दोन-तीन मिनिटांच्या आतले. तुमची तक्रार खरीच आहे. ‘गत किरवाणी’ सव्वा मिनिटात संपते तेव्हा मलाही ताटावरून उठवल्यासारखं होतं.

काम दोन शहरांत झालं. नोव्हेंबर 1967 मध्ये लंडनला सुरुवात झाली. तिथे लिव्हरपूलचा ‘रेमो फोर’ हा बँड, गिटारवर एरिक क्लॅप्टन, ड्रम्सवर बीटल्समधलाच रिंगो स्टार, हार्मोनिकावर टॉमी रायली. जानेवारी 1968 मध्ये हॅरिसन मुंबईला आला आणि फोर्टात फिरोजशाह मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत उरलेलं काम झालं. वादक जमवायला शंभू दास होते, रविशंकरांचे शिष्य. सरोदवर आशिष खाँ, तबला आणि पखवाज दोन्हींवर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा. शिवकुमारजींना त्याच महिन्यात तिसावं वर्ष पूर्ण झालं. म्हणजे सगळी ऐन उमेदीतली माणसं.

मी आकाशवाणीत ध्वनिमुद्रणाचं काम 31 वर्षं केलं, त्यामुळे पुढची गोष्ट मला फार जवळची आहे. मुंबईच्या त्या स्टुडिओत तेव्हा फक्त मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच पट्टीत धरणारं यंत्र होतं. एचएमव्ही ज्यांची, त्या ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन (पुढे ते ईएमआय या ब्रिटिश कंपनीच्या जगभरच्या संगीत व्यवसायाचे प्रमुख झाले) यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं अवजड स्टिरिओ यंत्र रेल्वेनं आणवलं. दोनच ट्रॅक म्हटल्यावर नंतर बसून कुणाचा आवाज वरखाली करायची सोय उरत नाही. सगळे एका खोलीत, एका वेळी वाजवणार. अशा वेळी बॅलन्स करायचा म्हणजे माणसांना सरकवायचं. आम्हीही तेच करायचो. शहनाईवाल्याला पार मागे भिंतीशी, संतूर माईकच्या पुढ्यात, तबलजीला हात धरून दोन फूट डावीकडे. या रेकॉर्डवरचे मुंबईचे तुकडे ऐकताना मला ती खोली दिसते. वाद्यांमधली हवासुद्धा मुद्रित झाली आहे.

आणि खोलीबाहेरचं जगही. हॅरिसननं पुढे सांगितलं होतं की स्टुडिओ कचेऱ्यांच्या वर होता, आवाज रोखायची काही व्यवस्था नव्हती, नीट ऐकलंत तर जाणाऱ्या टॅक्स्याही ऐकू येतील. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून धडाधड उतरणाऱ्या पावलांमुळे मुद्रण थांबवावं लागे. माझे वडील तेव्हा फोर्टातच कारकून होते. साडेपाचला सुटायचे, बोरीबंदरला गाडी पकडायचे आणि सातच्या सुमारास डोंबिवलीच्या घरी हातपाय धुवायचे. मी नऊ वर्षांची होते. ते त्या इमारतीत नव्हते, पण तशाच एका जिन्यावरून रोज त्याच वेळी उतरत होते. आपल्या पावलांसाठी बीटल्समधला एक जण वर थांबून राहिलाय, हे तिथल्या कारकुनांच्या गावीही नसेल. वडील गेल्यानंतर मला हे वाचायला मिळालं. तेव्हापासून ही रेकॉर्ड मी संध्याकाळीच लावते.

आता ‘सायकेडेलिक’. त्या काळच्या तरुण मंडळींना गाण्यातून जागेपणी स्वप्नात गेल्याचा अनुभव हवा होता. त्यासाठी टेप उलटी फिरवायची, तिचे तुकडे जोडायचे, गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, घरघरता करायचा, तंबोऱ्यासारखा एकच स्वर खाली धरून ठेवायचा. हे सगळं इथे आहे. पहिल्या बाजूचं शेवटचं ‘ड्रीम सीन’ रात्री दिवे मालवून ऐका. आपल्याकडचं गाणं सुरू होतं, ते विरतं, वाऱ्यावर यावेत तसे भलतेच आवाज येतात आणि कुठून कुठे आलो ते कळत नाही. बीटल्सचा ध्वनितुकड्यांचा प्रसिद्ध प्रयोग ‘रेव्होल्यूशन 9’ लोकांपुढे आला तो ही रेकॉर्ड बाजारात आल्यावर तीन आठवड्यांनी, 22 नोव्हेंबर 1968 ला.

पण माझ्या मते खरं धाडस ‘ड्रीम सीन’मध्ये नाही, त्याच्या आधीच्या जोडीत आहे. ‘स्कीइंग’मध्ये क्लॅप्टनच्या गिटारी एकमेकींवर चढत, भुंग्यासारख्या घोंगावत जातात आणि ते संपताच ‘गत किरवाणी’ द्रुत लयीत सुटते. किरवाणी हा कर्नाटक संगीतातून आपल्याकडे आलेला राग. गंधार-धैवत कोमल, निषाद शुद्ध. पाश्चात्त्यांच्या हार्मोनिक मायनरचे स्वर हेच. त्यामुळे त्यांच्या कानाला तो परका वाटत नाही. हॅरिसननं क्लॅप्टनच्या मागे तबला लावला नाही की आशिष खाँच्या मागे ड्रम्स बसवले नाहीत. दोघांना शेजारी उभं केलं आणि दोघांना आपापल्या घरच्या बोलीत बोलू दिलं. त्याला आपल्या संगीताचं एक छोटं संकलनच तिकडच्या लोकांना ऐकवायचं होतं. स्वतः तो या रेकॉर्डवर गातसुद्धा नाही. बीटल्सपैकी कुणाचीही ही पहिली स्वतंत्र एलपी, बीटल्सच्या ‘ॲपल’ या रेकॉर्ड कंपनीचीही पहिली, आणि त्यावर त्याचा गळा नाही! खिचडीत डाळ-तांदूळ ओळखू येईनासे होतात. इथे शेवटच्या तुकड्यापर्यंत प्रत्येक जण ओळखू येतो.

‘काऊबॉय म्युझिक’ मात्र मलाही हलकंच वाटतं. ते सोडून दिलंत तरी चालेल.

प्रश्न : या रेकॉर्डवर आपल्या मराठी माणसांपैकी कुणी होतं का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : तुम्ही देवगडहून विचारताय याचा फार आनंद झाला. सूरबहारवर होते चंद्रशेखर नारिंग्रेकर. तुमच्या तालुक्यातलं नारिंग्रे त्या आडनावातच आहे. सूरबहार म्हणजे सतारीचं थोरलं भावंड, खर्जातल्या आलापीचं वाद्य. ‘इन द पार्क’ मन लावून ऐका. बासरीवर एस. आर. केंकरे होते.

याच मुंबईच्या मुक्कामात बीटल्सच्या ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वाद्यसंगीतही मुद्रित झालं, त्यात हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे. शिवकुमारजी आणि हरिजी यांची ब्रिजभूषण काब्रांच्या गिटारबरोबरची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही रेकॉर्ड 1967 ची. ती एचएमव्हीसाठी करून घेतली ती आपल्या जी. एन. जोशींनी. मराठी घरांत ते भावगीतगायक म्हणून ठाऊक आहेत. वाद्यं कमी ठेवून त्यांच्याकडून गोष्ट कशी सांगवायची, हे त्यांना नेमकं कळलं होतं. दोन्ही रेकॉर्ड लागोपाठ ऐकल्यात तर त्या काळच्या मुंबईत किती तयारीचे वादक एका हाकेवर मिळत होते ते कळेल.

प्रश्न : ‘क्राइंग’मध्ये रडल्यासारखं वाजतं ते व्हायोलिन की शहनाई? घरात पैज लागली आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पैज दोघेही हरलात, आणि दोघांचेही कान बरोबर आहेत. ती तारशहनाई. दिलरुबा-इसराजाच्या घराण्यातलं वाद्य, गजानं वाजवायचं, म्हणून व्हायोलिन वाटलं. त्याला ग्रामोफोनसारखा छोटा कर्णा जोडलेला असतो, त्यातून आवाज धारदार आणि नाकातून आल्यासारखा निघतो, म्हणून शहनाई वाटली. वाजवलीय विनायक व्होरा यांनी. जुन्या हिंदी सिनेमात बिदाईच्या, ताटातुटीच्या प्रसंगी हे वाद्य पुष्कळ वाजलंय. आता ते हाती घेणारे फार थोडे उरलेत. नाशकात कुणाच्या माळ्यावर कर्णा लावलेला असा इसराज पडून असेल, तर कृपा करून भंगारात देऊ नका. मला कळवा, मी येऊन बघेन.