सांडा पाळायचाय? आधी उन्हाचं बघ

अरे, पिल्लू आणायची घाई नको. आधी रिकाम्या टाकीत दिवा लावून आठवडाभर तापमान मोज. सांडा म्हणजे काटेरी शेपटीचा वाळवंटी सरडा. त्याला उन्हाची जागा ५० अंशांच्या आसपास लागते, दुसरं टोक मात्र तिशीच्या खाली. काचेला चिकटवायच्या थर्मामीटरवर विसंबू नकोस, दगडाचाच ताप इन्फ्रारेड थर्मामीटरने बघ. मी पहिले दोन महिने नुसता दिवा लावला, यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारी) नाही. 'चालतंय की' म्हणत राहिलो आणि मग डॉक्टरांकडे पळापळ झाली.

बीळ हवंच. माती-वाळूचं मिश्रण दाबून बसव, वर जड दगड ठेवायचा असेल तर तो थेट तळावर टेकव. नाहीतर हा खाली उकरेल आणि दगड अंगावर येईल. आमचा बाब्या संध्याकाळी बिळात शिरतो आणि काटेरी शेपटी दाराला लावून झोपतो. ती धरून ओढायची नाही!

खाणं सोपं: मोहरीचा पाला, एंडाइव्ह (लेट्यूससारखी पालेभाजी), शिवाय वाटीत कोरडी मसूर. हो, आपलीच. पालक क्वचितच, किडे नकोत. नाकाशी पांढरं दिसलं तर घाबरू नकोस, ते मीठ आहे.

पिंजऱ्यात जन्मलेलाच घे. आणि तुझा भाऊ भारतात पाळायचं म्हणतोय ना, त्याला सांग, तिथला सांडा १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. घरात ठेवणं गुन्हा.