आधी एक खण आवरा

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून डोंबिवलीत राहते आणि मुंबईत एका कार्यालयात नोकरी करते. सकाळी सातला घर सोडले की परत यायला साडेसात वाजतात. घर दोन खोल्यांचे आहे आणि माणसे पाच. गेल्या वर्षी सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून वॉकर, कमोडची खुर्ची आणि औषधांच्या पिशव्या यांची त्यात भर पडली आहे. दार उघडताच पसारा दिसतो, छातीत धडधडू लागते आणि मी मुलांवर ओरडते. रविवारी सगळे घर आवरायला काढते. दुपारपर्यंत कपाटातले सारे पलंगावर येते, मग कोणी तरी पाहुणे येतात किंवा सासूबाईंचे काही निघते, आणि रात्री झोपायला जागा हवी म्हणून तेच सगळे पुन्हा कपाटात कोंबते. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर : ताई, तुमच्यात काहीही कमी नाही. पाच माणसांचा संसार आणि एक आजारपण सांभाळून वर नोकरी करणाऱ्या बाईने एका दिवसात सगळे घर आवरावे, हा बेतच मुळात तडीला जाण्यासारखा नाही. तो दर रविवारी अर्ध्यावर मोडतो आणि मोडलेल्या बेताचा दोष तुम्ही स्वतःकडे घेता.

दार उघडताच होणारी धडधड मात्र खरी आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नवरा-बायको दोघेही नोकरी करणाऱ्या कुटुंबांतील ६० जणांनी आपले घर फिरून दाखवत त्याचे वर्णन केले होते आणि लाळेच्या नमुन्यांतून त्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल मोजले गेले होते. ताणाशी निगडित असलेले हे संप्रेरक सकाळी चढलेले असते आणि निरोगी माणसात रात्रीपर्यंत उतरत जाते. आपल्या घराबद्दल बोलताना पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे यांचाच उल्लेख ज्या स्त्रियांच्या तोंडी अधिक आला, त्यांच्यात हा उतार पुरेसा आढळला नाही, आणि दिवस सरता सरता त्यांचे मन अधिक खिन्न होत गेलेले दिसले. पसाऱ्यामुळेच असे झाले, असे या अभ्यासावरून सिद्ध होत नाही, आणि तो अमेरिकेतल्या मोजक्या घरांपुरता आहे; तरीही हा संबंध पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये ठळकपणे दिसावा, हे मला महत्त्वाचे वाटते. घरात शिरल्यावर नवऱ्याला खुर्चीवर पडलेले कपडे दिसतात आणि बायकोला त्याच कपड्यांच्या जागी घड्या घालायचे काम दिसते. तुमच्या डोळ्यांपुढे येणारी प्रत्येक वस्तू तुमच्याकडे काही तरी मागत असते. दिवसभर दुसऱ्यांची कामे उरकून आलेल्या माणसाला हे मागणे सोसत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे, की घर आवरू नका. घरातली एकच जागा आवरा, आणि ती इतकी लहान निवडा की उठायच्या आत काम पुरे झाले पाहिजे. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमध्ये केलेल्या आपल्या प्रयोगांवरून १९२७ साली असे मांडले, की पुरे झालेल्या कामांपेक्षा मध्येच तुटलेली कामे मनात अधिक रेंगाळतात. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत तसे आढळले नाही हे खरे, परंतु अर्धवट आवरलेल्या कपाटासमोर रविवारची रात्र काढलेल्या कोणालाही त्यातले तथ्य पटेल. जागा लहान घेण्याचे कारण वेळ वाचावा हे नसून काम पुरे व्हावे हे आहे.

तुम्ही दारापाशी असलेल्या चपलांच्या रॅकपासून, म्हणजे त्याच्या वरच्या फळीपासून सुरुवात करावी असे मला वाटते, कारण दार उघडल्यावर पहिली नजर तिथेच जाते. आपल्याकडे बहुतेक घरांत ही फळी म्हणजे येईल त्याने हातातले टाकावे अशी जागा असते. मंगळवारी किंवा बुधवारी रात्री जेवणे झाली, की खाली जुने वर्तमानपत्र पसरा आणि फळीवरचे सगळे त्यावर उतरवून घ्या. काय निघेल ते मी बसल्या जागी सांगू शकते. भरलेली विजेची बिले, होऊन गेलेल्या लग्नाची पत्रिका, कुठल्या कुलपाच्या ते कोणालाच ठाऊक नाही अशा दोन किल्ल्या, रिमोटचे संपलेले सेल, रबरांचा गुंता, हळदीकुंकवात मिळालेली प्लास्टिकची डबी आणि सासूबाईंच्या गोळ्यांची निम्मी उरलेली पट्टी. रिकामी फळी ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडी होईपर्यंत थांबा. एरवी ओझ्याखाली झाकलेले लाकूड क्षणभर मोकळे पाहणे हाही या कामाचा भाग आहे, तो घाईने उरकू नका.

मग दाराबाहेर पडताना रोज लागते तेवढेच फळीवर परत ठेवा. घराच्या किल्ल्या, रेल्वेचा पास आणि मुलांची सायकलची किल्ली एवढे पुरे. गोळ्या सासूबाईंच्या उशाशी जातील, लग्नपत्रिका रद्दीत जाईल. किल्ल्यांसारख्या ज्या वस्तूंचा निर्णय होत नाही, त्या एका डब्यात घालून वर तारीख लिहा आणि डबा माळ्यावर टाका. निर्णय घेता घेता माणूस जितका थकतो तितका वस्तू उचलून थकत नाही; तेव्हा अडलेला निर्णय त्या रात्रीपुरता बाजूला ठेवायला हरकत नाही. साधारण वीस मिनिटांत हे होते. त्यानंतर दुसरा खण काढण्याचा मोह होईल, तो मात्र आवरा.

आठवडाभर ती एकच फळी सांभाळा, रोज रात्री दोन मिनिटे. घरच्यांनी तिथे काही टाकले तर न रागावता ते त्यांच्या हातात परत द्या. पुढच्या आठवड्यात ओट्याचा गॅसशेजारचा कोपरा घ्या किंवा मिसळणाचा डबा घासून पुन्हा भरा. कोणतीही जागा चालेल, फक्त ती रोज हाताखालची असावी आणि तिथल्या वस्तू तुमच्या अखत्यारीतल्या असाव्यात. सासूबाईंची ट्रंक त्यांना न विचारता उघडू नका. आजारपणात माणसाच्या हातून बरेच काही निसटलेले असते, निदान आपल्या वस्तूंवरचा हक्क तरी त्यांच्याकडे राहू द्यावा. शक्य असेल तर गोळ्यांचा डबा लावण्याचे काम त्यांनाच बसल्या बसल्या करू द्या आणि तुम्ही फक्त नजर ठेवा.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. तुमच्या ताणाचे मोठे कारण फळीवर नाही, ते कामाच्या वाटणीत आहे. संध्याकाळी सासूबाईंचे कोण पाहणार, रविवारी दोन तास घर कोण सांभाळणार, हे नवऱ्याशी आणि मुलांशी बसून ठरवावेच लागेल. आवरलेली फळी ते काम करणार नाही. परंतु दार उघडताच ओरडण्याऐवजी किल्ली जागच्या जागी अडकवून दोन घोट पाणी प्यायला मिळाले, तर ते बोलणे तुम्हाला अधिक शांतपणे करता येईल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे आणि साताऱ्यास राहतो. पत्नी जाऊन आठ महिने झाले. मुलगी पुण्याहून येते तेव्हा आईचे कपाट रिकामे करा, म्हणजे मन हलके होईल, असे सांगते. मी कपाट उघडतो आणि तसेच लावतो. काय करावे?

उत्तर : काका, ते कपाट इतक्यात उघडू नका. मुलगी मायेपोटीच सांगत असेल, पण आवरण्याने मन हलके होते ते कमी महत्त्वाच्या वस्तूंच्या बाबतीत. जिच्या प्रत्येक घडीत माणूस आहे अशा कपाटाला हा नियम लावता येत नाही, आणि त्यासाठी कोणतीही मुदत नाही.

आवरायला हात शिवशिवत असतील, तर पलंगाशेजारच्या टेबलाचा खण घ्या. तिथे बहुधा पत्नीची औषधे अजून असतील. दुखण्याची ही आठवण रोज रात्री उशाशी असावी, असे त्यांनाही वाटले नसते. मुदत संपलेल्या गोळ्या पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात मिसळा आणि पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात टाका, म्हणजे त्या कोणाच्या पोटात जाणार नाहीत. चष्मा राहू द्या. रिकाम्या झालेल्या जागी तुम्हाला रात्री लागणारे पाण्याचे तांब्याभांडे आणि वाचायचे पुस्तक ठेवा.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सकाळी उठावेसेच वाटत नसेल, तर आवराआवर बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी बोला. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

कपाटाची वेळ येईल तेव्हा मुलीला जवळ बसवा आणि त्या दिवशी एकच कप्पा काढा, तोही रोजच्या वापरातल्या सुती साड्यांचा. बोहारणीला द्यायच्या कोणत्या हे मुलीला ठरवू द्या. मऊ झालेल्या पाचसहा बाजूला काढून त्यांची गोधडी शिवून घ्या. साताऱ्याच्या थंडीत ती तुमच्या अंगावर असेल आणि उरलेले कपाट तोवर आहे तसेच राहिले तरी चालेल.