टोप्यांच्या कोड्यात सगळ्यांना आधीच दिसतंय, मग "किमान एक टोपी लाल आहे" हे सांगून नवीन काय कळतं?

तुम्हाला इंटरव्ह्यूत विचारलेलं कोडं असं: तिघांच्या डोक्यावर टोप्या, लाल नाहीतर पांढरी, स्वतःची दिसत नाही, बाकी दोघांची दिसते, प्रत्यक्षात तिघांच्याही लालच, कुणीतरी म्हणतो की किमान एक लाल आहे आणि मग फेरीफेरीने विचारतो, कळलं का. तुमचं म्हणणं, एक तरी लाल आहे हे तिघांनाही आधीच दिसतंय, मग त्याने सांगितलं काय? आणि अशी कोडी झटपट सोडवायची ट्रिक कोणती?

ट्रिकचं नंतर बघू. पहिला प्रश्न आमच्या घरात चाळीस वर्षं चालू आहे आणि त्यात मला खोटं ठरवलं गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९८५ ची रंगपंचमी. इंदोरच्या लोकांना वेगळं सांगायला नको, आपल्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, त्या दिवशी राजवाड्यावर गेर (रंग उडवत जाणारी मिरवणूक) येते आणि अख्खं शहर रस्त्यावर असतं. मी सहावीत होते. आम्ही तिघं, म्हणजे मी, माझा चुलत भाऊ (दादा, तेव्हा अकरावीला, मॅथ्स घेतलेलं) आणि त्याची बहीण ताई (नववीत), काकांबरोबर गेर बघून दुपारी घरी आलो ते ओळखू येणार नाही असे रंगलेले. काकूने डाळीचं पीठ आणि तेल लावून तिघांना चौकात घासून काढलं, कानामागे रंग राहिला पण कपाळं स्वच्छ झाली. काका शाळेत गणित शिकवायचे. स्वच्छ कपाळं बघून त्यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, देवघरातून गुलाल आणि बुक्क्याची डबी घेऊन आले आणि म्हणाले, बसा गोल करून.

आमचे डोळे पंचा, उपरणं, टॉवेल मिळेल त्याने बांधले, प्रत्येकाच्या कपाळावर एक बोट टेकवलं, मग डोळे सोडले. नियम असा की बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, काका टाळी वाजवतील आणि टाळीला ज्याला *खात्रीने* कळलंय की माझ्या कपाळावर गुलाल आहे त्यानेच हात वर करायचा. अंदाजाने केला तर जिलबी कट.

मी बघितलं तर दादाला गुलाल, ताईला गुलाल. टाळी वाजली, कुणाचाच हात नाही. दुसरी, तिसरी, चौथी, सात-आठ टाळ्या झाल्या असतील, कुणीच हलेना. दादा वैतागला, म्हणाला बाबा हे असं जन्मभर बसलो तरी कळणार नाही. काका म्हणाले बरोबर आहे, नाहीच कळणार. मग कुणाचंही कपाळ न पुसता, काहीही न बदलता, फक्त एक वाक्य बोलले: "तुमच्यापैकी किमान एकाच्या कपाळावर गुलाल आहे. आता परत."

पहिली टाळी, कुणी नाही. दुसरी टाळी, आणि दादा-ताई दोघांचे हात एकदम वर! माझ्या कपाळावर बुक्का होता.

आता तुमचा प्रश्न इथेच लावून बघा. दादाला ताईचा गुलाल दिसत होता, म्हणजे एक तरी गुलाल आहे हे त्याला माहीत होतं. ताईला दादाचा दिसत होता, तिलाही माहीत. काकांनी दोघांना माहीत असलेलीच गोष्ट सांगितली. पण दादाला हे माहीत नव्हतं की *ताईला* माहीत आहे. कारण त्याच्या स्वतःच्या कपाळावर बुक्का असता तर ताईला दोन बुक्के दिसले असते आणि तिला गुलालाचा पत्ताच नसता. काका सगळ्यांदेखत बोलले तेव्हा ही शक्यता बंद झाली. आता माझ्याकडे आणि दादाकडे दोन्हीकडे बुक्का असता तर ताईने पहिल्याच टाळीला हात वर केला असता, तिने केला नाही, म्हणजे दादाकडे गुलाल. तसंच उलट ताईचं. झालं.

म्हणजे काकांनी गुलालाबद्दल नवीन काही सांगितलं नाही, कुणाला काय माहीत आहे याबद्दल सांगितलं. आणि सगळ्यांसमोर सांगितलं हे महत्त्वाचं, तेच वाक्य प्रत्येकाच्या कानात वेगवेगळं सांगितलं असतं तर काडीचा उपयोग झाला नसता. आपल्याकडे लग्न ठरलेलं अख्ख्या आळीला माहीत असतं तरी साखरपुडा चारचौघांत करतात ना? त्यानंतर "मला माहीत नव्हतं" म्हणायची कुणाला सोय राहत नाही. तसंच.

तिघांच्याही लाल असतील तर हाच जिना एक पायरी जास्त. मला दोन लाल दिसतात. माझी पांढरी असं धरलं तर दुसऱ्याला एकच लाल दिसते. त्या दुसऱ्याने स्वतःची पांढरी धरली तर त्याच्या मनातल्या तिसऱ्याला एकही लाल दिसत नाही. प्रत्यक्षात असा माणूस तिथे कुणीच नाही, तो फक्त माझ्या मनातल्या तुमच्या मनात आहे, पण त्याला "एक लाल आहे" हे माहीत नसतं आणि नेमकी तीच जागा त्या वाक्याने भरून निघते. इंटरव्ह्यूत एवढं बोलला असतात तरी पुरे होतं.

आता दुसरा डाव, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले.

काकांनी कपाळं पुसली, परत डोळे बांधले, परत बोट टेकवलं. डोळे उघडले तर परत दादाला गुलाल, ताईला गुलाल. काकांनी ते वाक्य आधीच सांगून टाकलं. पहिली टाळी, शांत. दुसरी टाळी. मी दोघांच्या हातांकडे बघत होते, कारण मगाचच्या डावात माझ्याकडे बुक्का होता आणि दुसऱ्या टाळीला दोघांनी हात वर केले होते. आत्ताही माझ्याकडे बुक्का असेल तर दोघांना अगदी मगाचंच चित्र दिसत असणार आणि हात वर जाणारच. कुणाचाच गेला नाही. मला आतून असं काही झालं की विचारू नका, म्हणजे मी आरशात न बघता स्वतःचं कपाळ बघितलं होतं. तिसऱ्या टाळीला मी हात वर केला. एकटीने. दादा आणि ताई एकमेकांकडे बघत बसले.

काका म्हणाले शाब्बास. आणि दादा म्हणाला, "तुक्का मारला हिने." मग काका खूश दिसले तेव्हा वर आणखी म्हणाला की हिने घंगाळातल्या पाण्यात बघितलं. घंगाळ चौकातच होतं खरं, पण माझ्या पाठीशी, आणि आम्हा तिघांना धुतल्यावर त्यात जे पाणी उरलं होतं त्यात सूर्य दिसला नसता, माझं कपाळ कुठून दिसणार. आणि बघितलंच असतं तर पहिल्या टाळीला हात वर केला नसता का? तिसरीपर्यंत कशाला थांबले असते? हे मी तेव्हा बोलले नाही. अकरा वर्षांच्या मुलीवर पाच वर्षांनी मोठा भाऊ सगळ्यांसमोर चोरीचा आळ घेतो तेव्हा तिला रडू येतं, मुद्दे सुचत नाहीत. जिलबी मिळाली पण मी खाल्ली नाही.

तेव्हापासून घरात कार्य असलं की ही गोष्ट निघते आणि "हिचा तुक्का" म्हणूनच निघते. गेल्या वर्षी एका लग्नात माझ्या मुलीसमोर निघाली.

दादा पुढे इंजिनिअर झाला तेव्हा त्याचा मुद्दा जरा सुधारला. म्हणायला लागला, घंगाळ सोड, पण तुझं उत्तर लॉजिक नव्हतंच, आम्ही तेव्हा एवढा विचार करत नव्हतो, त्यामुळे आमच्या गप्प बसण्यातून तू काही काढलंस तर तो योगायोग. हा मुद्दा चांगला आहे, मी मान्य करते, या जातीच्या प्रत्येक कोड्यात तीच कमजोर जागा आहे, समोरचा विचार करतोय हे धरल्याशिवाय त्याच्या गप्प बसण्याला अर्थच नाही. पण माझ्या बाबतीत तो लागू नाही. मी धरून चालले नव्हते, दहा मिनिटांपूर्वी डोळ्यांनी बघितलं होतं की दोघांनाही दोन पायऱ्यांचा विचार येतो. आणि मला दोघांचीही गरज नव्हती, माझ्याकडे बुक्का असता तर दोघांपैकी *एकाने* जरी हात वर केला असता तरी पुरे होतं. दोघंही एकाच वेळी विसरले असं म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग तुक्का कोण मारतंय?

आणि हे काही काकांचं घरगुती खूळ नव्हे. लिटलवुड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १९५३ च्या पुस्तकात हेच दिलंय, रेल्वेच्या डब्यात तीन बायका, तिघींची तोंडं माखलेली, तिघी एकमेकींना हसताहेत आणि एकीच्या एकदम लक्षात येतं की अरे, ही दुसरी स्वतःला कशी ओळखत नाहीये, म्हणजे माझंही तोंड माखलंय. डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने १९६९ मध्ये "सगळ्यांना माहीत, आणि सगळ्यांना माहीत आहे हेही सगळ्यांना माहीत" या प्रकारावर लिहिलं, रॉबर्ट ऑमन या गणितज्ञांनी १९७६ मध्ये ते नीट गणितात बसवलं. ऑमन यांना २००५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, गेम थिअरीतल्या, म्हणजे समोरचा काय करेल ते धरून आपण काय करावं याच्या गणितातल्या, कामासाठी. मी हे सगळं दादाला पाठवलंय.

२०१५ मध्ये ते सिंगापूरचं शेरिलच्या वाढदिवसाचं कोडं फिरत होतं, आठवतंय? शेरिलने दहा तारखा दिल्यात (मे १५, १६, १९; जून १७, १८; जुलै १४, १६; ऑगस्ट १४, १५, १७), अल्बर्टला फक्त महिना सांगितलाय, बर्नार्डला फक्त तारीख. आमच्या फॅमिली ग्रुपवर ते दादानेच टाकलं आणि स्वतःच सोडवून दाखवलं: अल्बर्ट म्हणतो मला माहीत नाही पण बर्नार्डलाही माहीत नाही हे मला माहीत आहे, म्हणजे १८ आणि १९ या एकेकदाच येणाऱ्या तारखा असलेले मे आणि जून बाद. मग बर्नार्ड म्हणतो आता कळलं, म्हणजे १४ बाद, कारण ती जुलैतही आहे आणि ऑगस्टमध्येही. मग अल्बर्ट म्हणतो मलाही कळलं, ऑगस्ट असता तर १५ आणि १७ दोन्ही उरल्या असत्या, म्हणून १६ जुलै. अगदी बरोबर. मी खाली लिहिलं, दादा, अल्बर्टच्या "माहीत नाही" वरून तू महिने बाद केलेस, मी तुझ्या "माहीत नाही" वरून माझा बुक्का बाद केला, फरक काय? त्याने अंगठा पाठवला.

ट्रिकचं म्हणाल तर ट्रिक नाही, आणि जे क्लासवाले ट्रिक म्हणून "जितक्या लाल टोप्या तितकी फेरी" पाठ करून घेतात ते मुलांचं नुकसान करतात. आकडा बरोबर आहे, पण पांढऱ्या टोपीवाला काय म्हणेल असं विचारलं की मुलं गप्प. छोट्यापासून सुरू करा, एक लाल, मग दोन, मग तीन, आणि प्रत्येक पायरीला कागदावर लिहा की कुणी काय *केलं नाही* आणि त्यामुळे काय बाद झालं. एका रांगेत उभे करून मागून पुढे विचारतात ती टोप्यांची कोडी वेगळी, तिथे आधी आपसात ठरवता येतं आणि सगळ्यात मागचा समोरच्या लाल टोप्या सम की विषम ते आपल्या उत्तरातून सांगतो, त्यात आणि यात गल्लत करू नका. मुलीला शिकवत असाल तर ती दोन टाळ्या गप्प बसली म्हणून येत नाही समजू नका, दोन टाळ्या गप्प बसणं हाच उत्तराचा भाग असतो, आणि तिला उत्तर आलं तर आधी कसं आलं ते विचारा, मग काय ते आळ घ्या.

हो, एक राहिलं. तिघं, फार तर चौघं असतील तोवरच हे खऱ्या माणसांत चालतं. कागदावर शंभर माणसं घेतली तरी गणित बरोबरच येतं, पण खऱ्या शंभरांत कुणीतरी एक दुसरीकडे बघत असतो आणि साखळी तुटते. सगळ्यांनी वाक्य ऐकलेलं हवं, सगळ्यांनी टाळी ऐकलेली हवी, खोटं कुणी बोलायचं नाही. दादाला कधी तरी हे द्यायला हवं की तिसऱ्या टाळीला तो आणि ताई दोघांनाही कळायला हवं होतं आणि कळलं नाही, म्हणजे डाव पुस्तकाबरहुकूम झाला नाही. पण ते तिसऱ्या टाळीचं, माझं उत्तर दुसऱ्या टाळीवर उभं होतं.

दादा, हे उत्तर तू वाचणार आहेस कारण लिंक मीच पाठवणार आहे. घंगाळ, योगायोग, सगळं बाजूला ठेव आणि एवढंच सांग, पहिल्या डावात दुसऱ्या टाळीला हात वर केलास, मग दुसऱ्या डावात दुसऱ्या टाळीला का नाही केलास? ताईचा गुलाल तुला दोन्ही वेळा दिसत होता. बदललं होतं ते फक्त माझं कपाळ.