बागेतल्या लाकडी खोलीचा रंग का सुटला?

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरील आमच्या घराच्या परसबागेत अवजारांसाठी पाइनच्या फळ्यांची छोटी खोली आहे, तिला जुन्या वाड्याचे रंगवलेले सागवानी दार बसवले आहे. मे महिन्यात रंगाऱ्याने फाटकाचा उरलेला रेड ऑक्साइड लावून वर ऑइल पेंटचे दोन हात दिले. गणपतीपर्यंत खालच्या भागातील रंगाचे पापुद्रे निघू लागले. दिवाळीपूर्वी आणखी एक हात द्यावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : देऊ नये, सुटत्या रंगावरचा नवा रंग त्याच पापुद्र्यासोबत गळून पडेल. रेड ऑक्साइड लोखंडासाठी असतो, लाकडाला गुलाबी किंवा पांढरा वुड प्रायमर लागतो, हे खरे. तरी सारा दोष त्याच्यावर टाकणे मला पटत नाही. रंग खालीच सुटला, यावरून पाणी फळ्यांच्या कापलेल्या टोकांतून शिरले असावे. लाकडाच्या सूक्ष्म नळ्या तेथे उघड्या असल्याने ही टोके फळीच्या सपाट अंगापेक्षा कितीतरी वेगाने पाणी पितात आणि ऊन पडल्यावर बाहेर पडू पाहणारी तीच ओल रंगाला आतून ढकलते. दिसत नाहीत म्हणून रंगारी नेमकी हीच टोके सोडतात.

पाऊस ओसरल्यावर सुटा रंग खरवडावा, लाकूड उघडे पडू द्यावे आणि त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आत दव दिसले, तर खुशाल दिवाळी जाऊ द्यावी. कोरड्या लाकडाला रेषांच्या दिशेने पॉलिश पेपर मारावा. पाइनच्या गाठींतून राळ पाझरून डाग उमटतात, म्हणून त्यांवर आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख लावावी. त्यानंतर प्रायमरचा पहिला हात थोडे टर्पेंटाइन घालून पातळ द्यावा, म्हणजे तो आत मुरेल. टोकांना मात्र दोनतीनदा पाजावा. फटींत भिंतीची पुट्टी भरू नये, कारण लाकूड फुगले-आकसले की ती तडकते.

दाराची गोष्ट वेगळी. घरगुती रंगांतील विषारी शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. वाड्याच्या काळातील रंगात शिसे बरेच असू शकते. म्हणून तो रंग कोरडा घासू नये, वॉटर पेपरने ओला घासावा, धूळ रोखणारा मास्क लावावा आणि मुलांना दूर ठेवावे. दार बिजागऱ्यांवरून उतरवूनच रंगवावे, नाहीतर त्याची खालची कड पुन्हा कोरीच राहील.