जुन्या तमिळ चित्रपटांत स्त्री फक्त सोशिकच दाखवायचे का?

नाही. सोशिक पत्नीचा साचा होताच, पण सत्तरच्या दशकात तो ठिकठिकाणी मोडला. के. बालचंदर यांच्या 'अवळ् ओरु तोडर्कदै'मध्ये (१९७४) अभिनेत्री सुजाताने साकारलेली कविता ही नायिका नोकरी करून अख्खं घर ओढते, आणि त्याचा राग गिळत नाही, बोलून दाखवते. जयकांतन यांच्या कादंबरीवरच्या 'सिल नेरंगळिल् सिल मनिदर्गळ्'साठी लक्ष्मीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पण एकच बघणार असाल तर रुद्रैया यांचा 'अवळ् अप्पडित्तान्' (१९७८) बघा. नावाचा अर्थ 'ती तशीच आहे'. श्रीप्रियाची मंजू जाहिरात कंपनीत काम करते. फटकळ, दुखावलेली, पटकन विश्वास न टाकणारी. दिग्दर्शक तिला गोड करायला जात नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. कमल हासन स्त्रियांवर माहितीपट काढणारा सज्जन अरुण, तर रजनीकांत तिचा बॉस, उघड पुरुषी अहंकार मिरवणारा. सज्जन माणूसही तिला पुरता समजू शकत नाही, खरी बोच तिथे आहे. शेवटी मंजू अरुणच्या नवपरिणीत बायकोला स्त्रीमुक्तीबद्दल विचारते. ती म्हणते, मला त्यातलं काही कळत नाही. मंजूचं उत्तर: म्हणूनच तू सुखी आहेस.